पांढरा कोळसा आणि मुळशीचे पाणी

उद्योगधंद्यांनी निसर्गाशी सलोख्याने कसे वागावे, ह्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेपासून सुरू केली जाते. फार तर १९८७ च्या ब्रंटलंड अहवालापासून. त्यापूर्वीचा कारखानदार म्हणजे धूर ओकणारा, नदी नासवणारा, आणि त्यानंतरचा म्हणजे हळूहळू शहाणा होत गेलेला, अशी एक सरळ रेषा ह्या मांडणीत गृहीत असते. ही रेषा आम्हांला पटत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांनी दगडी कोळशाऐवजी पाण्यावर निर्माण केलेली वीज घेण्यास सुरुवात केली ती १९१५ साली. आज ज्याला आपण 'हरित ऊर्जा' म्हणतो तो पर्याय भारतातील एका मोठ्या उद्योगाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी निवडला होता, आणि त्या निवडीची जी किंमत पडली तिच्यावरून ह्याच महाराष्ट्रात तीन-चार वर्षे लढाही झाला होता. हा लढा म्हणजे मुळशी सत्याग्रह. मराठीच्या अभ्यासकांना तो सेनापती बापटांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून ठाऊक असतो. उद्योगाच्या इतिहासातील प्रकरण म्हणून तो क्वचितच वाचला जातो. येथे तो तसा वाचून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आधी धुराविषयी. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली आणि दोन वर्षांनी ती गिरणी चालू झाली. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा ह्या पट्ट्यात चिमण्यांचे रान उठले. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. बंगाल-बिहारकडचा कोळसा रेल्वेने किंवा जहाजाने आणावा लागे, काही परदेशातूनही येई, आणि वाहतुकीचा खर्च कोळशाच्या किमतीला लागून येई. म्हणजे गिरणीमालकाच्या दृष्टीने कोळसा महाग होता, तर गिरणीखालच्या चाळीत राहणाऱ्याच्या दृष्टीने तो फुप्फुसात जात होता. ह्या दोन तक्रारी एकच नव्हेत, हे लक्षात ठेवलेले बरे. १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. कलकत्त्यासाठी तसा कायदा १९०५ सालीच झालेला होता. धुराला वस्तीची हद्द ठाऊक नसते, तो गिरणगावातून निघून बंगल्यांच्या गच्चीवरही उतरतो. आमची अशी समजूत आहे की प्रदूषणाचे जे प्रकार सत्ताधाऱ्यांच्या नाकापर्यंत पोहोचतात त्यांच्यावर कायदा लवकर होतो. गिरणीच्या आत श्वासाबरोबर जाणारी कापसाची तूस कोणाच्या गच्चीवर उतरत नव्हती.

ह्या पार्श्वभूमीवर सह्याद्रीच्या पावसाची कल्पना पुढे आली. लोणावळ्याच्या परिसरात चार महिन्यांत प्रचंड पाऊस पडतो, आणि घाटमाथा तेथे कोकणच्या बाजूला एकदम तुटतो. माथ्यावर पाणी साठवायचे, नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडायचे, पायथ्याशी चक्रे फिरवायची आणि वीज तारांवरून मुंबईला न्यायची, असा तो बेत होता. मुंबईचे वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्यासमोर ठेवली. जमशेटजी १९०४ साली वारले आणि ती पूर्ण करण्याचे काम त्यांच्या मुलांकडे आले. लंडनच्या भांडवलदारांनी फारसा उत्साह दाखवला नाही, तेव्हा पैसा हिंदुस्थानातच, संस्थानिकांकडून आणि धनिकांकडून, उभा राहिला. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची नोंदणी झाली, १९११ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते वळवण येथे पायाभरणी झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत लॉर्ड विलिंग्डन यांनी खोपोलीच्या केंद्रातून वीज सुरू केली.

ह्या विजेला युरोपात एक देखणे नाव आधीच मिळालेले होते. फ्रान्समधील आल्प्सच्या पायथ्याशी कागदाच्या धंद्यासाठी लाकडाचा लगदा करणारे कारखानदार आरिस्तीद बर्जेस यांनी डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याला 'पांढरा कोळसा' म्हटले आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर तो शब्द जगभर पसरला. आपल्याकडच्या भूगोलाच्या पुस्तकांतूनही तो येऊन गेला आहे. रूपक म्हणून तो पाहण्यासारखा आहे. कोळशाचा काळेपणा तेवढा काढून टाकायचा आणि बाकीचे सगळे, म्हणजे खाण, मालकी आणि उपसा, कायम ठेवायचे, अशी त्याची घडण आहे. काळा कोळसा निदान जमिनीखालून काढावा लागतो. पांढऱ्या कोळशाची खाण मात्र जमिनीवरच असते, आणि तेथे सामान्यतः कोणी तरी भात लावत असते.

खोपोलीमागोमाग १९१६ साली आंध्र व्हॅली कंपनी आली. ठोकरवाडीच्या धरणावरचे तिचे भिवपुरीचे केंद्र १९२२ साली चालू झाले. नावातल्या 'आंध्र'ने बुचकळ्यात पडू नये, ही मावळातील आंद्रा नदी आहे. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि तिने नीला व मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी पेट्यात धरण बांधून पाणी कोकणात भिऱ्याकडे सोडण्याची योजना हाती घेतली. ह्या धरणाच्या बुडीत क्षेत्रात पन्नासहून अधिक गावे आणि हजारो माणसे होती. आंबेमोहोर भातासाठी नावाजलेले हे खोरे होते.

आता येथपासून प्रकरण गुंतागुंतीचे होते, म्हणून थोडे सावकाश गेले पाहिजे.

कंपनी खाजगी होती. तिला जमीन मिळाली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली, सरकारमार्फत. ह्या कायद्याला 'सार्वजनिक प्रयोजन' लागते. ते कोणते, ह्याचे उत्तर तेव्हाच्या समर्थनांतून स्पष्ट दिसते: मुंबईला स्वस्त वीज मिळेल, लाखो टन कोळसा वाचेल, गिरण्या चालतील, कामगारांना रोजगार मिळेल. आजच्या कोणत्याही हरित प्रकल्पाची प्रस्तावना काढून पाहावी, तीत हेच मुद्दे जवळजवळ ह्याच क्रमाने भेटतील. शिवाय ते खोटे नव्हते. कोळसा खरोखरच वाचणार होता. मुळशीचा प्रश्न अवघड होतो तो ह्याचमुळे. जेथे कारखानदार उघड लबाडी करतो तेथे टीकाकाराचे काम सोपे असते. येथे बाजू मांडणाऱ्याचे म्हणणे खरे होते आणि शेत बुडणाऱ्याचेही खरे होते.

त्यात कंपनी स्वदेशी. वंगभंगानंतरच्या दीड दशकात ज्यांनी स्वदेशीचा पुकारा केला त्यांनाच आता देशी भांडवलाने देशी पाण्यावर काढलेल्या देशी विजेविरुद्ध उभे राहायचे होते. राष्ट्रवादी पुढाऱ्यांची जी ओढाताण ह्या काळात दिसते तिचे मूळ ह्यात आहे. गांधीजींनी १९२१ च्या एप्रिलमध्ये 'यंग इंडिया'त ह्या विषयावर लिहिले. त्यांचा रोख असा होता की सगळ्या देशाचा फायदा दाखवला तरी गरिबाच्या इच्छेविरुद्ध त्याची जमीन घेण्याचे समर्थन त्यातून होत नाही. स्वदेशी आणि न्याय्य ह्या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

कंपनीने जमिनीचा रीतसर ताबा मिळण्यापूर्वीच, खेडुतांची परवानगी न घेता, तेथे चाचणीचे चर खणायला सुरुवात केली आणि असंतोष पेटला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. कंपनीने सहा महिने काम थांबवण्याचे मान्य केले. मुदत संपल्यावर ते पुन्हा सुरू झाले तेव्हा सत्याग्रहाचा दुसरा आणि अधिक खडतर टप्पा आला. पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे नेतृत्व आले ते ह्याच लढ्यात, आणि 'सेनापती' ही उपाधीही त्यांना मुळशीनेच दिली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही नावे ह्याच काळातील. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी मुळशीसाठी तुरुंगवास सोसला. आपल्या अभ्यासक्रमांत परांजपे भेटतात ते वक्रोक्तीचे निबंधकार म्हणून. उतारवयात हा निबंधकार भातशेतीच्या बांधासाठी तुरुंगात गेला, ही गोष्ट वर्गात सांगितली जात असेल तर आम्हांला आनंदच आहे.

लढ्याच्या भाषेविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पुण्यातून झालेल्या प्रचारात मुळशीचा शेतकरी हा शिवरायांच्या मावळ्याचा वंशज म्हणून उभा केला गेला. ह्या प्रतिमेने लोक हलले, ह्यात शंका नाही. पण तिने एक गोष्ट झाकलीही. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन सावकारांकडे गेलेली होती आणि कसणारा बहुधा कूळ होता. सावकाराला जमिनीची किंमत रोख मिळणार होती, तर कुळाच्या वाट्याला त्यातले फारसे काही येणार नव्हते. त्यामुळे 'जमीन देणार नाही' ही भूमिका हळूहळू 'जमिनीचा मोबदला किती' ह्या वाटाघाटीकडे सरकली तेव्हा दोघांचे हितसंबंध फाकले आणि लढा आतून पोकळ झाला. राजेंद्र व्होरा यांनी ह्या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला त्यात ही वर्गीय बाजू प्रथम नीट उजेडात आली. 'मावळा' ह्या एका गौरवशाली शब्दात सावकार आणि कूळ दोघेही मावत होते. नुकसानभरपाईच्या तक्त्यात मात्र ते मावले नाहीत.

बापट शेवटपर्यंत टिकले. अहिंसेच्या मर्यादेबद्दल त्यांचे गांधीजींशी मतभेद होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. १९२४ च्या डिसेंबरात, लढा जवळजवळ संपलेला असताना, त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली, ह्या वेळी शस्त्रानिशी. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. पुढे ह्याच माणसाने अरविंदांच्या 'दिव्य जीवन'चे मराठी भाषांतर केले. धरण पूर्ण झाले आणि १९२७ साली भिऱ्याचे केंद्र चालू झाले.

येथवरच्या इतिहासाचे तात्पर्य काढण्याची घाई आम्ही करणार नाही, कारण त्यानंतर जे झाले ते कमी बोलके नाही. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही केंद्रे अजून चालतात आणि त्यांची क्षमता मिळून ४४७ मेगावॅट आहे. एवढा काळ कोळशाशिवाय चालणारी यंत्रणा ही उद्योगाच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. ज्यांना ती मान्य करायची नाही त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. पण ज्या कामासाठी ही वीज काढली ते काम कोठे गेले? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि त्यांच्या जागी मॉल, कार्यालये व उंच इमारती आल्या. लाखो गिरणी कामगारांचा रोजगार हे 'सार्वजनिक प्रयोजन' होते. तो रोजगार संपला तेव्हा प्रयोजनाचा फेरविचार करावा असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. आणि धूर? शहराची विजेची भूक वाढल्यावर १९५६ साली तुर्भ्याला औष्णिक केंद्र आले. चिमणी लालबागहून चेंबूर-माहुलच्या किनाऱ्याला गेली, एवढेच.

पाण्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी: मुळशीहून पुणे, पुण्याहून भीमा, तेथून उजनी आणि सोलापूरचा कोरडा मुलूख. ही धरणे तिचे पाणी अडवून पश्चिमेला, जेथे मुळातच भरपूर पाऊस पडतो त्या कोकणात सोडतात. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७६ साली ह्या वळवण्याला मर्यादा घातली: टाटांच्या धरणांतून सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट, कोणत्याही एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट. लवादाला मर्यादा घालावी लागली, ह्यावरूनच आकाराची कल्पना यावी. दुष्काळाच्या वर्षांत हे पाणी भीमेच्या खोऱ्यात परत द्यावे अशी मागणी पुन्हा पुन्हा होत आली आहे. उलट बाजूला, वीज काढून झाल्यावर सुटणाऱ्या पाण्यावर पाताळगंगा आणि कुंडलिका ह्या नद्यांच्या काठचे कारखाने आणि गावे वाढली आहेत. कोलाडला हौशी मंडळी रबरी होड्यांतून ज्या लाटांवर उड्या मारतात त्या लाटाही भिऱ्याच्याच. म्हणजे पाणी परत वळवायचे म्हटले तर आता कोकणातही नवे विस्थापित तयार होतील. शंभर वर्षांत चुकीच्या जागीसुद्धा हक्क रुजतात.

ह्याच परिसरात आणखी एक गोष्ट घडली, ती कंपनीच्या बाजूने सांगितली पाहिजे. नदी अडली की प्रवाहात वर चढून अंडी घालणाऱ्या माशांची वाट अडते. महाशीर हा तसाच मासा. वळवणच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास करून पिल्ले जलाशयांत सोडण्याचे काम चालले आहे, आणि २०२० साली निळ्या पराच्या महाशीरचे नाव आंतरराष्ट्रीय यादीतील धोक्याच्या वर्गातून निघाले. उद्योगांनी निसर्गाची भरपाई करायची ठरवली तर ती होऊ शकते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. तरीही ते वाचताना आमच्या मनात मुळशीची कुळे येतात, ह्याला इलाज नाही. माशांची मोजदाद ठेवली गेली.

मोजदादीचा हा मुद्दा आजच्या अहवालांना भिडतो. 'सेबी'ने २०२१ साली ठरवल्याप्रमाणे २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी व शाश्वततेचा वार्षिक अहवाल देणे सक्तीचे झाले. किती वीज, किती पाणी, किती उत्सर्जन, किती कचरा, सगळ्यासाठी रकाने आहेत आणि ते असणे निःसंशय चांगले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा नमुना एकदा संहिता म्हणून जरूर वाचावा. त्यात पुनर्वसनाचाही प्रश्न आहे. मात्र तो 'चालू' पुनर्वसन असलेल्या प्रकल्पांपुरता. 'चालू' हे विशेषण निरुपद्रवी दिसते. पण ज्याचे पुनर्वसन कधी सुरूच झाले नाही, आणि ज्याचे कागदोपत्री संपले, ते दोघेही ह्या एका शब्दाने रकान्याबाहेर राहतात. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली, मुळशीनंतर अर्धशतकाने.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र सरकारशी शिरोटा आणि भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. ह्या पद्धतीत रिकाम्या वेळची, म्हणजे मुख्यतः दुपारच्या सूर्याची, स्वस्त वीज वापरून खालचे पाणी वर चढवतात आणि संध्याकाळी मागणी वाढली की ते पुन्हा खाली सोडतात. सौर आणि पवन ऊर्जेला असा साठा लागतोच. त्याशिवाय कोळसा सुटणार नाही. सह्याद्रीतील जुनी धरणे आणि तोच कडा शंभर वर्षांनी पुन्हा कामाला येत आहेत. अशा प्रकल्पांविषयी जो कोणी लिहील त्याने उत्सर्जनाच्या आकड्यांबरोबर सातबाऱ्याचे उतारे, आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही त्या कसणाऱ्याची साक्ष, हीही मागून घ्यावी, असे आम्ही सुचवू. मुळशीत पहिला दगड निखळला तो तेथेच.

शेवटी आमच्या विषयाकडे, साहित्याकडे. गिरणीच्या भोंग्याला मराठीत कवी मिळाले. अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे ह्यांच्यामुळे गिरणगाव आपल्या वाङ्मयीन स्मृतीत पक्के बसले आहे. धरणग्रस्ताला त्याच्या तोलाची कादंबरी मिळाली ती विश्वास पाटील यांची 'झाडाझडती', १९९१ साली. ह्या दोन साहित्यांची गाठ मात्र आपल्या अध्यापनात सहसा पडत नाही. एक 'कामगार साहित्य' ह्या घटकात शिकवले जाते, दुसरे 'ग्रामीण' ह्या घटकात. पण सुर्व्यांच्या मुंबईतील माग ज्या विजेवर फिरत होता तिच्यातली काही मुळशीच्या बुडालेल्या भातखाचरांवरून आली होती. एखाद्या शिक्षकाने सुर्व्यांची कविता, 'झाडाझडती'तील एखादे प्रकरण आणि भुस्कुट्यांनी लिहिलेली सत्याग्रहाची हकीकत अशी तीन वाचने एकाच आठवड्यात लावून पाहावीत. भुस्कुट्यांचे पुस्तक जुन्या ग्रंथालयांतून शोधावे लागेल.